रॉकेटवर चालणारी महायुद्धकालीन विमाने : इतका वेग असूनही हाती काही का लागले नाही?

पर्वतीकर

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधील आमच्या अभ्यासमंडळात पुढील महिन्यात दुसऱ्या महायुद्धातील रॉकेट विमानांवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तोफा, रणगाडे आणि पाणबुड्या यांवर मंडळात पुष्कळ बोलून झाले असून हा विषय तसा कोराच राहिला होता. वाचन बरेच झाले, परंतु एका ठिकाणी गाडी अडली आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

जर्मनीचे मेसरश्मिट 163, म्हणजेच कोमेट, हे त्या काळातील सर्वांत वेगवान लढाऊ विमान होते. त्याच्या प्रायोगिक आवृत्तीने 2 ऑक्टोबर 1941 रोजी हाइनी डिटमार या वैमानिकाच्या हाती पेनेम्युंडे येथे ताशी 1,000 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. त्या काळी पिस्टन इंजिनाची उत्तम लढाऊ विमानेही सरळ उड्डाणात ताशी 600 ते 650 किलोमीटरच्या आसपास होती. असे असूनही, साडेतीनशेच्या वर कोमेट बांधून झाल्यावर त्यांनी पाडलेल्या शत्रुविमानांचा आकडा बहुतेक अभ्यासक नऊ ते सोळा यांच्या दरम्यान ठेवतात. हे गणित कशाने फसले? इंधनाचे स्फोट, विमान हाताळण्यातील अडचणी आणि युद्धाच्या अखेरीस जर्मनीची झालेली वाताहत अशी तीन कारणे सर्वत्र एकत्र बांधून दिलेली आढळतात. यांपैकी मूळ कारण कोणते आणि मागाहून जोडली गेलेली कोणती, हे वेगळे काढता येईल का? रशिया आणि जपान येथील प्रयत्नांविषयीही कोणी लिहिल्यास उपकार होतील.

ग्लायडरवाला

पर्वतीकरसाहेब, माझ्या मते मूळ कारण चौथेच आहे आणि ते म्हणजे वेळ. स्फोटांच्या कथा रंजक असल्याने त्यांनाच जास्त जागा मिळते, म्हणून आधी आकडेच मांडतो.

कोमेटमध्ये दोन द्रव भरले जात. टी-स्टॉफ म्हणजे सुमारे 80 टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड. ते 1,160 लिटर असे. सी-स्टॉफ म्हणजे मिथेनॉल, हायड्रॅझीन हायड्रेट आणि पाणी यांचे मिश्रण. ते 500 लिटर असे. दोन्हींचे वजन मिळून जवळजवळ दोन टन होते. उड्डाणाच्या वेळी संपूर्ण विमानाचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास असे, म्हणजे जवळजवळ अर्धे विमान द्रवाचेच होते. साध्या इंजिनाला एक किलो पेट्रोल जाळण्यासाठी साधारण पंधरा किलो हवा लागते आणि ती वातावरणातून फुकट मिळते. रॉकेटला मात्र ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजनही टाकीत भरून न्यावा लागतो. वाल्टर कंपनीच्या त्या इंजिनाचा कमाल रेटा सुमारे 1,700 किलोग्रॅम होता आणि पूर्ण रेट्यावर ते सेकंदाला आठएक किलो द्रव गिळत असे. म्हणजे ढोबळ हिशेबाने चार मिनिटे आणि थोडे सेकंद. झडप अर्धवट मिटून उडाल्यास हीच मुदत साडेसात ते आठ मिनिटांपर्यंत ताणता येई.

आता ही मिनिटे कशी खर्च होत ते पाहू. 9,000 मीटर उंची गाठायला कोमेटला अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागे. अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमाने साधारणपणे त्याच्या थोडी खालून उडत. त्या काळातील दुसरे कोणतेही विमान इतक्या वेगाने चढू शकत नव्हते, हे मान्यच आहे. परंतु वर पोहोचेपर्यंत निम्म्याहून अधिक द्रव संपलेला असे आणि शत्रू नेमका कोठे आहे हे शोधायला, वळायला आणि हल्ला करायला उरलेला भाग पुरवायचा असे. यामुळे विमानाचा पल्ला तळाभोवती सुमारे 40 किलोमीटर एवढाच ठरतो. पुणेकरांच्या नकाशावर मांडायचे तर लोहगावच्या धावपट्टीवरून निघालेल्या कोमेटची हद्द कामशेतच्या अलीकडेच संपली असती आणि लोणावळ्यावरून जाणाऱ्या ताफ्याकडे त्याला नुसते पाहत बसावे लागले असते. लाइपझिगजवळच्या ब्रांडिस तळावर ही विमाने ठेवली होती ती ल्युना येथील कृत्रिम इंधनाच्या कारखान्याच्या रक्षणासाठी. तळाचे ठिकाण एकदा शत्रूला कळले, की आपला मार्ग थोडा वळवून घेणे त्याला जड नव्हते.

दुसरा मुद्दा गोळीबाराचा. बी-17 चा ताफा ताशी 300 ते 350 किलोमीटर वेगाने जात असे आणि कोमेट मागून ताशी 850 ते 900 ने येत असे. हा फरक सेकंदाला सुमारे 150 मीटर होतो. कोमेटच्या 30 मिलिमीटरच्या दोन एमके 108 तोफांचे गोळे संथ गतीचे होते, त्यामुळे 600 मीटरपलीकडून नेम धरण्यात अर्थ नव्हता, आणि 200 मीटरच्या आत शिरल्यावर टक्कर टाळण्यासाठी बाजूला होणे भागच होते. वैमानिकाच्या हाती जेमतेम तीन सेकंद उरत. प्रत्येक तोफेला गोळे फक्त 60. बी-17 पाडायला तीन-चार गोळे पुरत असले, तरी या तीन सेकंदांत तेवढे बसवणे हे फार थोड्यांना साधले. म्हणजे ज्या वेगासाठी एवढा खटाटोप केला, तोच वेग नेम धरण्याच्या क्षणी आड येत होता.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ज्यांनी थोडे जरी उड्डाण केले असेल, त्यांना पुढचा भाग लगेच कळेल. द्रव संपल्यावर कोमेट हे ग्लायडरच होते, आणि उत्तम ग्लायडर होते, कारण त्याचे रचनाकार अलेक्झांडर लिपिश यांची सारी उमेद ग्लायडर आणि शेपटीविरहित विमाने घडवण्यात गेली होती. परंतु ग्लायडरला उतरण्याची संधी एकदाच मिळते. अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन फेरी मारता येत नाही. कोमेट उडताना ज्या चाकांच्या गाडीवर धावे ती गाडी जमीन सोडताच खाली टाकली जाई, आणि उतरताना विमान पोटाखालच्या एका घसरपट्टीवर ताशी 160 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने टेकत असे. ती घसरपट्टी नीट दबली नाही, तर सारा धक्का वैमानिकाच्या पाठीच्या कण्याला बसे. थांबल्यावर विमान स्वतः हलूही शकत नसे. ट्रॅक्टर येऊन उचलून नेईपर्यंत ते मैदानात पडून राही. दोस्तांच्या मस्टँग विमानांच्या वैमानिकांना हे लवकरच उमगले आणि धूर संपून कोमेट मुकाट्याने घसरू लागले की ते वरून झडप घालू लागले.

रसायन_शिक्षिका

ग्लायडरवाला यांचे गणित बरोबर आहे, पण रसायनाचा मुद्दा त्यांनी रंजक कथांच्या खात्यावर टाकला, ते मला पटत नाही. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि या इंधनाचा प्रश्न केवळ स्फोटाचा नव्हता, हे येथे सांगणे आवश्यक वाटते.

टी-स्टॉफ आणि सी-स्टॉफ एकत्र येताच ठिणगीशिवाय पेट घेतात. इंजिनाच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे, कारण पेटवण्याची वेगळी यंत्रणा लागत नाही. परंतु ज्वलनकक्षात जे हवे तेच नळीच्या सांध्यात, टाकीच्या झाकणाजवळ किंवा जमिनीवर सांडलेल्या थेंबांत घडले, तर अनर्थ होतो. म्हणून दोन द्रवांच्या टाक्या घेऊन येणाऱ्या गाड्या विमानाजवळ एकाच वेळी उभ्या राहत नसत आणि प्रत्येक भरणीनंतर सर्व भाग भरपूर पाण्याने धुतले जात. तीव्र पेरॉक्साइड कापूस, लोकर, चामडे अशा कोणत्याही सेंद्रिय पदार्थाला पेटवू शकते आणि त्वचेची राख करते. वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना, हाताच्या अंतरावर, प्रत्येकी 60 लिटरच्या टी-स्टॉफच्या टाक्या होत्या. त्यांच्यासाठी कृत्रिम धाग्यांचे खास पोशाख बनवले गेले, तरी शिवणीतून द्रव आत झिरपण्याचा धोका राहिलाच. 30 डिसेंबर 1943 रोजी योझेफ प्योस हा अनुभवी वैमानिक मृत्युमुखी पडला, तो खाली टाकलेली चाकगाडी जमिनीवरून उसळून विमानावर आदळल्यामुळे सुरू झालेल्या अपघातात.

माझा खरा मुद्दा मात्र पुरवठ्याचा आहे. हेच पेरॉक्साइड व्ही-1 या उडत्या बॉम्बच्या प्रक्षेपण यंत्रणेलाही लागत असे आणि व्ही-2 रॉकेटमधील पंपाची टर्बाइन फिरवण्यासाठीही लागत असे. म्हणजे एकाच दुर्मीळ रसायनावर तीन शस्त्रे डोळा ठेवून होती. हायड्रॅझीन हायड्रेटची स्थिती याहून बिकट होती. रेल्वे आणि रासायनिक कारखाने यांवर बॉम्बवर्षाव सुरू असताना, एका उड्डाणासाठी दोन टन नाजूक द्रव ठरलेल्या तळावर वेळेवर पोहोचवणे हेच 1944 च्या अखेरीस दुरापास्त झाले. तेव्हा विमान बांधले, वैमानिक तयार केला, तरी आकाशात जायला द्रव नाही, अशी अवस्था वारंवार येत होती. पर्वतीकर यांनी ‘जर्मनीची वाताहत’ हे वेगळे कारण मानले आहे. माझ्या मते ते इंधनाच्या कारणातच मिसळलेले आहे, कारण साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या विमानाला ही टंचाई इतकी जाचली नसती.

रशियाबद्दल थोडे लिहिते. अलेक्झांडर बेरेझ्न्याक आणि अलेक्सेई इसायेव्ह यांनी बोल्खोवितिनोव्ह यांच्या संकल्पनकेंद्रात बीआय हे छोटे, मुख्यतः लाकडी विमान रचले. त्यात केरोसीन आणि नायट्रिक आम्ल वापरले होते. 15 मे 1942 रोजी ग्रिगोरी बाख्चिवांजी यांनी उरलच्या परिसरातील कोल्त्सोवो तळावरून इंजिनाच्या बळावर त्याचे पहिले उड्डाण केले. युद्धाच्या ऐन धामधुमीत, मॉस्कोहून पूर्वेला हलवलेल्या कार्यशाळेत हे घडले, याचे मला नेहमीच नवल वाटते. नायट्रिक आम्लाने टाक्या, नळ्या आणि झडपा सतत खाऊन टाकल्या. आम्लात किंचित हायड्रोजन फ्लोराइड मिसळले की धातूवर संरक्षक थर बसतो आणि झीज फार घटते, ही युक्ती युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत रुळली. आपल्या पृथ्वी क्षेपणास्त्रात आम्लाचा असा संरक्षित प्रकार वापरला जातो, ही माहिती मंडळातील श्रोत्यांना आवडेल.

27 मार्च 1943 रोजी बाख्चिवांजी यांचे विमान वेग घेत असताना अचानक नाक खाली करून जमिनीवर आदळले आणि त्यांचा मृत्यू झाला. तो दोष इंजिनाचा नव्हता. ध्वनीच्या वेगाजवळ हवा दाबली जाऊन विमानाचे संतुलन बिघडते आणि नाक आपोआप खाली झुकते, ही घटना त्या काळच्या वायुबोगद्यांत नीट तपासता येत नव्हती.

पर्वतीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताईंनी पुरवठ्याचा जो धागा जोडला, तो माझ्या टिपणांत पूर्णपणे निसटला होता. आता एक उपप्रश्न. चार मिनिटांचे गणित कागदावर कोणालाही मांडता आले असते, मग जर्मन हवाई मंत्रालयाने हे विमान मुळात मान्यच का केले?

पेठकर

उपप्रश्नाला उत्तर देतो. येथे आपण 1945 मधून मागे पाहतो आहोत, म्हणून हा निर्णय वेडेपणाचा वाटतो. 1941 मध्ये उभे राहून पाहिल्यास चित्र निराळे दिसते.

हाइंकेलचे पहिले जेट विमान 1939 मध्येच उडाले होते, परंतु शेकडोंनी बनवता येतील आणि तासन्‌तास टिकतील अशी जेट इंजिने त्या वर्षी कोणाकडेही नव्हती. मेसरश्मिट 262 चा सांगाडा 1941 मध्ये तयार झाला, तेव्हा त्याचे पहिले उड्डाण नाकावर पिस्टन इंजिन बसवून करावे लागले. केवळ जेट इंजिनांच्या बळावर ते जुलै 1942 मध्ये उडाले. याउलट हेल्मुट वाल्टर यांचे पेरॉक्साइडवर चालणारे रॉकेट हाताशी होते. एरिख वारझित्स यांनी हाइंकेल 176 हे छोटे विमान जून 1939 मध्येच अशा रॉकेटवर उडवून दाखवले होते. पिस्टन इंजिनाची मर्यादा जवळ येत चाललेली, जेट अजून हाती न आलेले आणि रॉकेट मात्र ताशी 1,000 किलोमीटर प्रत्यक्ष दाखवत असलेले, अशा वेळी मंत्रालयाने दुसरा काय निर्णय घ्यावा अशी अपेक्षा आहे? शिवाय संकल्पना मर्यादितच होती : कारखान्याच्या उशाशी तळ ठेवायचा, ताफा डोक्यावर आला की उडायचे, दोन-तीन झडपा घालायच्या आणि खाली यायचे. त्या चौकटीत चार मिनिटे अगदीच हास्यास्पद नव्हती.

खरा दोष माझ्या मते विलंबाचा आहे. वोल्फगांग श्पेटे यांनी शत्रूचा पाठलाग करण्यासाठी पहिले उड्डाण केले ते 13 मे 1944 रोजी, आणि अमेरिकी वैमानिकांनी कोमेटला ताफ्याजवळ प्रथम पाहिल्याची नोंद 28 जुलै 1944 ची आहे. म्हणजे डिटमार यांच्या उच्चांकानंतर पावणेतीन वर्षे गेली. तोपर्यंत 262 तयार झाले होते आणि कोमेटची गरजच उरली नव्हती. त्यामुळे ग्लायडरवाला म्हणतात तसे ‘वेळ’ हेच कारण आहे, पण मिनिटांचे नव्हे, वर्षांचे.

ग्लायडरवाला

पेठकर, वर्षांचा मुद्दा मान्य. तरीही 1942 मध्येच शंभर कोमेट तळांवर उभी असती, तरी तीन सेकंदांचा गोळीबार तीन सेकंदांचाच राहिला असता. जर्मनांनाही हे ठाऊक होते, याचा पुरावा म्हणजे येगरफाउस्ट हे शस्त्र. पंखांत उभ्या बसवलेल्या 50 मिलिमीटरच्या नळ्या, आणि विमान बॉम्बफेक्याच्या खालून जाताना त्याची सावली प्रकाशविद्युत घटावर पडली की त्या आपोआप सुटणार. नेम धरण्याचे काम माणसाकडून काढून घेण्याचाच हा प्रयत्न होता. 10 एप्रिल 1945 रोजी फ्रिट्झ केल्ब यांनी त्याने एक ब्रिटिश बॉम्बफेके विमान पाडले. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता.

आणि मिनिटांचा तर्क शेवटपर्यंत ताणला की काय होते, ते एरिख बाखेम यांच्या नाटर या विमानात दिसते. लाकडी सांगाडा, उभ्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण, नाकात रॉकेटांचे पोळे. ती एकदाच डागायची आणि मग वैमानिकाने पॅराशूटने खाली यायचे. इंजिनाचा भागही वेगळ्या पॅराशूटने परत मिळवायचा. उतरण्याचा सारा प्रश्नच त्यांनी रद्द केला. 1 मार्च 1945 रोजी होयबर्ग येथे लोथार झीबर हा वैमानिक त्यातून निघाला. आसनावरचे झाकण सुटून उडाले, विमान ढगांत शिरले आणि थोड्याच वेळात जमिनीवर आदळले. कोणत्याही शत्रुविमानावर नाटर कधीच डागले गेले नाही. याला विमान म्हणावे की माणूस बसवलेले क्षेपणास्त्र, हा वाद मंडळात हमखास निघेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

दर्यावर्दी

जपानची बाजू राहिली आहे, ती मी लिहितो. नौदलातील नोकरीमुळे मला पाणबुड्यांची ओढ आहे आणि ही कथा पाणबुडीचीच आहे.

जर्मनीने कोमेटचे आराखडे आणि वाल्टर इंजिन जपानला द्यायचे ठरवले. हा माल घेऊन निघालेली एक पाणबुडी मे 1944 मध्ये अटलांटिकमध्येच बुडवली गेली. दुसरी, आय-29, एप्रिल 1944 मध्ये फ्रान्समधील लोरियाँ बंदरातून निघून 14 जुलैला सिंगापूरला पोहोचली. ही तीच आय-29, जिने आदल्या वर्षी, 28 एप्रिल 1943 रोजी, मादागास्करच्या जवळ भर समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन यांना जर्मन यू-180 वरून आपल्याकडे घेतले होते. सिंगापूरला नौदलातील तंत्रज्ञ एइइची इवाया खाली उतरले आणि मोजके कागद घेऊन विमानाने टोकियोला गेले. पाणबुडी जपानच्या दिशेने पुढे निघाली आणि 26 जुलैला लुझॉनच्या उत्तरेकडील सामुद्रधुनीत अमेरिकी सॉफिश पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली. इंजिन आणि बहुतेक आराखडे तळाला गेले.

उरलेल्या कागदांवरून मित्सुबिशीने वर्षभराच्या आत शूसुई हे विमान उभे केले. 7 जुलै 1945 रोजी योकोसुकाजवळच्या ओप्पामा तळावरून तोयोहिको इनुझुका यांनी ते उडवले. टाक्या पूर्ण भरलेल्या नव्हत्या. तीव्र चढणीत द्रव टाकीच्या मागे सरकला आणि नळीचे तोंड उघडे पडून इंजिन बंद झाले. परत वळताना विमान तळाच्या कडेच्या इमारतीला धडकले आणि दुसऱ्या दिवशी इनुझुका यांचा मृत्यू झाला.

जपानचे दुसरे रॉकेट विमान ओका. त्याला विमान म्हणणे मला जड जाते. नाकात 1,200 किलोंचा स्फोटक भार, शेपटीत घन इंधनाची तीन रॉकेटे आणि आत परत न येणारा तरुण. सुमारे 37 किलोमीटर एवढाच पल्ला असल्याने त्याला दोन इंजिनांच्या मोठ्या, मंद विमानाच्या पोटाखाली लटकवून शत्रूच्या नौदलाजवळ न्यावे लागे. येथेही तोच पल्ल्याचा शाप. 21 मार्च 1945 च्या पहिल्या मोहिमेत निघालेली 18 वाहक विमाने ओका सोडण्याआधीच अमेरिकी लढाऊ विमानांच्या तावडीत सापडली आणि त्यांतील एकही परतले नाही. 12 एप्रिलला मात्र ओकिनावाजवळ एका ओकाने मॅनर्ट एल. एबल ही विनाशिका बुडवली.

रसायन_शिक्षिका

दर्यावर्दी यांनी शूसुईच्या नळीचा जो उल्लेख केला, तो माझ्या विषयाला अगदी लागून आहे. द्रव इंधनाच्या रॉकेटमध्ये टाकीतील द्रव वेग बदलताना हेलकावतो, आणि पंपात क्षणभर जरी वायू शिरला तरी ज्वलन तुटते. कोमेटच्या इंजिनातही असे अवचित बंद पडण्याचे प्रसंग येत. पुन्हा सुरू करण्यासाठी थोडा काळ जाऊ द्यावा लागे आणि तेवढ्यात शत्रू हाताबाहेर गेलेला असे.

पर्वतीकर, भाषणाच्या शेवटी पुढे काय झाले तेही सांगा. कोमेटच्याच पुढील आवृत्त्यांत मुख्य ज्वलनकक्षाखाली एक छोटा कक्ष जोडण्यात आला होता, जेणेकरून वर पोहोचल्यावर कमी रेट्यावर अधिक वेळ उडता यावे. युद्धानंतर ब्रिटनने सॉन्डर्स-रो एसआर 53 मध्ये जेट आणि रॉकेट अशी दोन्ही इंजिने एकत्र बसवली. त्यातील रॉकेट केरोसीन आणि पेरॉक्साइडवर चाले : चढण रॉकेटने, घरी परतणे जेटने. ते मे 1957 मध्ये उडाले, परंतु त्याच्या महिनाभर आधीच ब्रिटिश सरकारने वैमानिक बसणाऱ्या लढाऊ विमानांऐवजी क्षेपणास्त्रांवर भर देण्याचे धोरण जाहीर केले होते. फ्रान्सच्या मिराज 3 ला जास्तीचे रॉकेट बसवण्याची सोय होती, पण तेथे ते गरजेपुरते जोडायचे साधन होते. केवळ रॉकेटवर विसंबलेले लढाऊ विमान प्रत्यक्ष तुकडीत दाखल होऊन लढले, असे उदाहरण कोमेटनंतर नाही.